हजेरीच्या आत लागलेलं लग्न

तुम्ही तिघंही वरदाच्या लग्नाला नव्हता, म्हणून सांगते. नकुल, तू तर आयत्या वेळी मँचेस्टरला पळालास, त्यामुळे तू मध्ये बोलायचं नाही. आणि मायरा, चहा गार झाला तरी चालेल, पण पहिल्यापासून ऐक. कारण इन्स्टावर जो फोटो फिरतोय ना, वरदा शालू गुडघ्यापर्यंत उचलून वेम्बलीच्या फुटपाथवरून धावतेय, पुढे फेटा सावरत नवरा, मागे तिचे बाबा हातात नारळ घेऊन, ते सगळे कशासाठी धावतायत हे कुणीच खाली लिहिलेलं नाहीये.

तर वरदा जाधव, माझी युनिव्हर्सिटीपासूनची मैत्रीण. जन्मापासून इथे लंडनमध्ये, हॅरोत, त्यामुळे मराठी तिची स्वतःची आहे, 'माझी बाबा' आणि 'माझा आई'. बाबा म्हणजे हरिदासकाका, डॉक्टर, अ‍ॅनेस्थेटिस्ट. तीस वर्षं ह्या देशात लोकांना झोपवतायत आणि घरातही इतकं हळू बोलतात की समोरच्याला जांभई यावी. सुप्रभाकाकू पुण्याच्या, घरातलं सगळं बोलणं त्यांच्याकडे. भाऊ अर्जुन, बेसिंगस्टोकला आयटीत. आणि नवरा रूबेन. आजोबा जमैकाहून आलेले, पण हा स्वतः वेम्बलीच्या बाहेर फारसा गेलेला नाही. लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याही बिल्डिंगमध्ये शिरला की आधी लिफ्टचा आवाज ऐकून तोंड वाकडं करणार. त्याची आई, मार्सिया आंटी, मिडवाइफ आहे, रस्त्याने चाललं की प्रत्येक दुसऱ्या माणसाला म्हणते, तुला मी बाहेर काढलंय.

आता मेन गोष्ट. रूबेनच्या डाव्या घोट्याला टॅग होता. राखाडी, जाड, बेढब घड्याळासारखा. आणि मार्सिया आंटीच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक बॉक्स. संध्याकाळी सात ते सकाळी सात टॅगने त्या बॉक्सच्या आसपास असायचं, म्हणजे रूबेनने घरात असायचं. नसला की बॉक्स चुगली करणार आणि रूबेन परत आत. आत म्हणजे तुरुंगात. तिथूनच तो एप्रिलमध्ये सुटून आला होता, शिक्षेचा उरलेला तुकडा घरी काढायला.

काय केलं होतं हे विचारायच्या आधी ऐका. तो आणि अर्जुन फुटबॉल खेळून घरी चालले होते. हो, आपलाच अर्जुन, ते दोघं शाळेपासूनचे दोस्त, त्यातूनच तर वरदाची ओळख. चिकन शॉपच्या बाहेर दोन ग्रुपची जुंपलेली, हे मध्ये सापडले, ह्यांनीही ढकलाढकली केली, कुणीतरी बाटली फेकली, ती ह्यांनी नाही. सीसीटीव्हीत दोघं खांद्याला खांदा लावून उभे, दोघांचे हात सारखेच वर. दोघांना एकाच व्हॅनमध्ये घातलं. हरिदासकाकांनी फोन फिरवला, 'डॉक्टर जाधव बोलतोय', ओळखीचा सॉलिसिटर पोचला, आणि सकाळी अर्जुन घरी बसून वरणभात खात होता. केस नाही, काही नाही. मार्सिया आंटीनेही फोन केला. तिला होल्डवर ठेवलं. रूबेनला शाळेत असल्यापासून पोलीस रस्त्यात थांबवून खिसे तपासायचे, बॅग उपसायचे, कधी काही सापडलं नाही, पण नाव दर वेळी लिहून घ्यायचे. त्यामुळे त्या दिवशी कम्प्युटरवर त्याचं नाव जुन्या कस्टमरसारखं पटकन वर आलं. केस उभी राहीपर्यंत म्हणून त्याला आत ठेवलं, आणि केस उभीच राहीना, कोर्टांत एवढी लाइन. शेवटी त्याचा बॅरिस्टरच म्हणाला, गुन्हा कबूल कर, लवकर बाहेर येशील. केला कबूल. तेवढ्या काळात अर्जुन ऑफिसात सीनियर झाला, आणि रूबेनला लिफ्टवाल्या कंपनीने कळवलं की आता तुम्हाला आमच्या कस्टमरांच्या बिल्डिंगांमध्ये पाठवता येणार नाही. व्हिडिओ एकच, एवढं लक्षात ठेवा.

वरदा दर पंधरा दिवसांनी त्याला भेटायला जायची. ती मला म्हणालेली, बाहेर आला की लग्न करणार, बाबांना चालू दे नाहीतर नको. पण ते नुसतं बोलायचं. बाबांना चालायला तिला हवंच होतं. ही मुलगी ड्रायव्हिंग टेस्टला जाताना पण बाबांना मिठी मारून गेली होती, अजून किती सांगू.

आणि हरिदासकाका नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, "होऊ दे. पण रीतसर. मुहूर्तावर, हॉलमध्ये, चारचौघांत." वरदा आनंदाने रडली, मी रडले, आम्ही दोघींनी आमच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून साड्या बघितल्या. आणि मग दोन आठवड्यांनी काकांनी मुहूर्त सांगितला. गोरज.

मायरा, गोरज म्हणजे सूर्यास्ताच्या वेळचा. गायी रानातून घरी परत येतात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ. फार शुभ. तिकडे ते ठीक आहे, सात-सव्वासातला गायी घरी. पण लग्न होतं जूनमध्ये, हॅरोत. हॅरोत जूनमध्ये गायी साडेनऊला परत येतात. आणि रूबेनला सातला घरात.

आधी आम्हाला वाटलं, सोपं आहे, परवानगी मागू. एका रात्रीपुरती सूट मिळते, लग्नाबिग्नाला. वरदाने अर्ज केला, ईमेल केली, फोन केला, त्या हेल्पलाइनचं म्युझिक मला आता पाठ आहे. उत्तर नाही. रूबेनच्याच मजल्यावर एक कॅलम म्हणून आहे, पिंगट केसांचा, त्यालाही असाच टॅग. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, त्याला दोन दिवसांत परवानगी आली. योगायोग असेल. मी काही म्हणत नाहीये. रूबेनने तर कॅलमला टाय बांधून दिला.

मग आम्ही उपाय काढायला लागलो. मार्सिया आंटीच्या फ्लॅटमध्येच लग्न करू? काका म्हणाले, "तिथे चारचौघं मावणार नाहीत." नवरा झूमवर? ह्यावर काका नुसते बघत राहिले. काकूंनी डोकं चालवलं, म्हणाल्या, "अहो, पुण्याचा सूर्यास्त धरा ना, तिकडे मावळतो तेव्हा इथे दुपार असते. पंचांग तिकडचंच आहे." मला तर ते फारच पटलं. काका म्हणाले, "लग्न इथे आहे. सूर्य इथलाच धरायला हवा." शांतपणे. जसं काही ते पेशंटला उलटे आकडे मोजायला सांगतायत.

त्या रात्री वरदाने मला फोन केला. म्हणाली, "तनू, गुरुवारी कौन्सिलमध्ये रजिस्टरवर सही होणार आहे, ते मला कोणी अडवत नाही. पण शनिवारी हॉलमध्ये मी उभी राहणार आणि माझ्यासमोर अंतरपाट आणि पलीकडे कोणीच नाही. बाबांना दिसत नाही का हे?" मी म्हणाले, दिसत नसेल गं, ते जुन्या वळणाचे आहेत. हो नकुल, मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. काका देवळात वर्षातून एकदा जातात, तेही पार्किंग मिळालं तर, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

आणि मग आल्या कांताबाई.

कांताबाई म्हणजे काकांची आत्या. सोलापूरच्या. वय ऐंशीच्या पुढे, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या, उतरल्यावर म्हणाल्या, एसटीपेक्षा बरं हाय, पण खिडकी उघडत न्हाई. वरदा-अर्जुनने त्यांना लहानपणी दोनदा पाहिलेलं. आल्या दिवसापासून त्या सोफ्यावर मांडी घालून बसायच्या, डायजेस्टिव्ह बिस्किटं चहात बुडवायच्या आणि अर्जुनशी पत्ते खेळताना उघड उघड चीटिंग करायच्या. काकांशी मात्र कधीकधी हळूच एका वेगळ्याच भाषेत बोलायच्या. वरदाला वाटायचं कन्नड. काका उत्तर द्यायचे मराठीतच.

लग्नाच्या आधीच्या रविवारी केळवण. लग्नाआधी नवरा-नवरीला घरी जेवायला बोलावतात ना, ते. कांताबाईंनीच धरून बसवलं, "पावणा बघितल्याबिगर मी अक्षता टाकणार न्हाई." दुपारी चारला ठेवलं, रूबेनला घरी पोचायला वेळ राहावा म्हणून. काकूंनी पाट मांडले, ताटाभोवती रांगोळी काढली. कांताबाईंनी पहाटेपासून शेंगाच्या पोळ्या लाटलेल्या, आणि सोलापुरी शेंगदाण्याची चटणी. मी वाढायला. काका, काकू, अर्जुन, वरदा, कांताबाई, एवढेच.

रूबेन आला, सूट घालून. आत आल्याबरोबर वाकून कांताबाईंच्या पाया पडला, वरदाने शिकवलेलं. त्या खूश. मग त्याला पाटावर बसवलं. आता सहा फूट दोन इंचाचा माणूस, सूटची पँट, पाटावर मांडी. काय होणार? पँट वर सरकली आणि टॅग बाहेर. अगदी रांगोळीच्या शेजारी. वरून त्याचा छोटा हिरवा दिवा लुकलुकला.

कांताबाईंना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. काकूंनी पोळीचं ताट हातात तसंच धरलं. अर्जुन खाली बघायला लागला. हरिदासकाका उठून खिडकीपाशी गेले, जसं काही बाहेर कुणी हाक मारली. रूबेनने पटकन हाताने पँट खाली ओढली, पण कांताबाईंनी त्याचा हात बाजूला केला. चष्मा पुसला. वाकून नीट बघितलं. टॅगला बोटाने टकटक केलं, भांडं फुटकं आहे का बघतात तसं.

आणि मग विचारलं, "हजेरी किती वाजताची हाय?"

रूबेनने वरदाकडे बघितलं. वरदाने माझ्याकडे. मी म्हणाले, "ती विचारतेय, तुझा अटेंडन्स किती वाजता." तो म्हणाला, "सेव्हन. सेव्हन टू सेव्हन, आंटी."

"सात?" कांताबाई म्हणाल्या. "बरी हाय की मग. आमची दिवस मावळायला असायची. थंडीत तर सहाच्या आत तारंच्या आत." आणि त्याच्या पानात दुसरी पोळी वाढली.

वरदा म्हणाली, "कुठली तार, आत्याआजी?"

"ह्यानं सांगितलं न्हाई?" त्यांनी खिडकीकडे बघितलं. काका वळले नाहीत. "आरं सांगितलं न्हाईस व्हय रं पोरांना?"

आणि मग त्या बाईने, चटणीत बोट बुडवत बुडवत, गावाकडच्या लग्नाची हकीकत सांगावी तसं सगळं सांगितलं. त्यांची जात कैकाडी. टोपल्या विणणारी माणसं, आणि काकांशी बोलायच्या ती भाषाही त्यांचीच. इंग्रजांनी कायदा करून कितीतरी जातींच्या जाती गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यातली ही एक. तुम्ही काही केलं असो नसो, त्या घरात जन्मलात की सरकारी वहीत नाव आणि बोटांचे ठसे. सोलापूरला त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, सेटलमेंट म्हणायचे. दिवसा गिरणीत कामाला सोडायचे, पास देऊन. संध्याकाळी हजेरी. "बाप्यांची नावं, मग बायांची, मग आमची पोरांची. नाव पुकारलं की उठून उभं ऱ्हायचं आन हजर म्हनायचं. न्हाई म्हनलं तर माझ्या बापाच्या पाठीवर." कांताबाईंचा जन्मच कुंपणात. नऊ-दहा वर्षांच्या असताना तार निघाली.

मी वाढायचं विसरून तिथेच खाली बसले. म्हणजे मला इतकी वर्षं वाटत होतं जाधव म्हणजे जाधव. महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांनाच तसं वाटत होतं. ते आडनाव फार सोयीचं आहे, कुणी पुढचं काही विचारत नाही. आणि वरदाने हे सगळं रूबेनला इंग्लिशमध्ये सांगायचं होतं. 'बॉर्न क्रिमिनल'पर्यंत ती आली आणि थांबली. रूबेन हळूच म्हणाला, "यॅ. आय गॉट दॅट बिट."

कांताबाई त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, "तुमच्याच सायबाची युक्ती हाय ही. आमच्यावर शिकला आन हितं आणून तुला बांधली." हे वरदाने ट्रान्सलेट केल्यावर रूबेन इतका हसला, इतका हसला की शेंगाची पोळी घशात अडकली, अर्जुनने उठून त्याच्या पाठीत धपाटे घातले. तो हसल्यावर आम्हालाही हसता आलं.

"मग लगीन कवा?" कांताबाईंनी विचारलं.

"शनिवारी," काकू म्हणाल्या. "गोरज मुहूर्तावर. म्हणजे इथे रात्री साडेनऊ."

कांताबाईंचा हात थांबला. "गोरज? आपल्यात गोरज कवापासनं?"

त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली.

"आपल्यात लगीन उन्हातच. पावणे लांबनं यायचे, एकेकाला पास. पास संपायच्या आत, हजेरीच्या आत अक्षता पडल्याच पायजेत. तार निघाली तरी सवय ऱ्हायली. माझं लगीन भर बाराला. तुझ्या बापाचं बाराला." मग काकूंकडे, "तुमचं कवा लागलं, सुप्रभा?"

"दुपारी बाराला, आत्याबाई," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जुना राग होता. "मे महिन्यात. सोलापुरात. माझा सगळा मेकअप वाहून गेला. मी ह्यांना विचारलं, हा कसला मुहूर्त? तर म्हणाले, आमच्यात पद्धत आहे." मग त्या हळूहळू काकांकडे वळल्या. "अहो. मग गोरज कुणी काढला?"

आणि तेव्हा मला कळलं. आम्हाला सगळ्यांना एकदमच कळलं असावं, कारण वरदा म्हणाली, "बाबा, तुम्ही काढला."

नाही म्हणायच्या ऐवजी. तिच्यासमोर नाही म्हणवत नव्हतं, म्हणून त्यांनी वेळ निवडली. अशी वेळ, की नवरा येऊच शकणार नाही आणि दोष सूर्याचा.

काका खिडकीतून वळले. मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी झोप आणणारं बोलतील. पण ते म्हणाले, "हो. मीच काढला." मग जागेवर येऊन बसले. "माझ्या शाळेत दप्तर हरवलं कुणाचं तर आधी माझं उघडायचे. एवढ्या लांब आलो ते कशासाठी? माझ्या घरात परत कुणाच्या नावाने हजेरी होऊ नये म्हणून. आणि माझी मुलगी स्वतःच्या पायाने चालत जाऊन हजेरीच्या घरात राहणार. कसं हो म्हणू मी?"

कांताबाईंनी ऐकून घेतलं, ह्याला कशापायी बांधलं ते विचारलं, आणि अर्जुनने खाली बघत सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "अर्जुन व्हता न्हवं ह्याच्यासंगं? त्याला आणलंस की सोडवून. चांगलं केलंस. पोटचं हाय, आणणारच. ह्याच्या आईनं बी फोन केला आसंल."

"शी डिड," रूबेन म्हणाला. 'फोन' एवढा शब्द त्याला कळला होता, बाकीचं त्याने चेहऱ्यांवरून वाचलं. "मम रँग ऑल नाइट, अंकल."

"मग?" कांताबाई काकांना म्हणाल्या. "तुझ्या आज्ज्यासाठी कुणी फोन करायला नव्हतं. आता तू हाईस तर तूच दार लावून घेतोस व्हय?"

काकांनी घड्याळाकडे बघितलं. मी घाबरले, म्हटलं आता वर निघून जातात. पण ते म्हणाले, "सव्वासहा होतायत. ह्याला पोचवायला हवं." आणि मी माझ्या गाडीची किल्ली शोधतेय तोवर त्यांनी स्वतःची उचलली. "मी सोडतो."

गाडीत दोघं काय बोलले कुणालाच माहीत नाही. रूबेनला विचारलं तर म्हणतो, आर्सनल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांचा मेसेज आला. काकांनी त्या ग्रुपवर आजवर एक शब्द लिहिला नव्हता. 'मुहूर्त बदलला आहे. शनिवारी दुपारी बारा. आमच्यात पद्धत आहे.'

लग्न मस्त झालं. ईशिता, तुला साडी आवडली असती, सोड. दोनच गोष्टी सांगते. एक म्हणजे पाय धुण्याची. नवऱ्याचे पाय मुलीच्या आईवडिलांनी धुवायचे असतात, परातीत. काकू तांब्या घेऊन तयार, काका खाली बसले, रूबेनने पाय परातीत ठेवले, पायजम्याखालून टॅग दिसतोय, हॉलमध्ये सगळं मंडळ माना उंच करून बघतंय, कुजबुज सुरू. काका थांबले. मग वर बघून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, हो, हरिदासकाका, त्यांनी विचारलं, "ह्याला पाणी चालतं का?"

"शॉवरप्रूफ, अंकल."

"गुड," म्हणाले, आणि दोन्ही पाय धुतले, टॅगसकट, आणि नॅपकिनने तो टॅगपण पुसून कोरडा केला, एखाद्या पेशंटचं मनगट पुसावं तसा.

दुसरी कानपिळीची. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम द्यायचा. अर्जुन पुढे आला आणि त्याचा हात वरच जाईना. नुसता उभा. सगळे ओरडतायत, पीळ, पीळ. तो म्हणाला, "मी कसा पिळू?" मराठीत म्हणाला, रूबेनला समजलं नसणार. मग रूबेननेच हात लांब केला आणि अर्जुनचा कान धरला, आणि असा पिळला, असा पिळला की अर्जुनच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक हसून लोळले. अर्जुन हसत नव्हता, पण कान सोडवूनही घेत नव्हता.

आता पळण्याची गोष्ट. बाराचं लग्न, सातची हजेरी, मधे भरपूर वेळ, असं तुम्हाला वाटेल. मराठी लग्नाचा फोटोग्राफर तुम्ही पाहिलाय ना? पाच वाजले तरी तो 'मुलीकडचे मामा' पुकारत होता. मग निघालो. कांताबाई, अर्जुन आणि मार्सिया आंटी पुढच्या गाडीत, ते सुटले वेळेत. मागे माझ्या छोट्या कोर्सा गाडीत नवरा, नवरी, काका-काकू आणि पुढे मी. आणि त्या दिवशी वेम्बली स्टेडियमला कॉन्सर्ट. रस्ते बंद. चमचमत्या टोप्या घातलेल्या हजारो मुली आणि त्यांच्यात आम्ही, शालू, फेटा, मागे अक्षता सांडलेल्या. गाडी हलेना. रूबेन सारखा घोट्यावरून हात फिरवत होता. आणि अचानक मागून हरिदासकाका म्हणाले, "उतरा. पळा."

काकू म्हणाल्या, "अहो, वरदा शालूत आहे."

"वर उचल म्हणावं," काका म्हणाले, आणि नारळ घेऊन स्वतःच पहिले उतरले. नारळ कशाला घेतला हे त्यांना अजून माहीत नाही. त्या कॉन्सर्टवाल्या मुलींना वाटलं काहीतरी इंडियन प्रथा आहे, त्यांनी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत वाट करून दिली. हाच तो फोटो. मी आणि काकू गाडीत अडकलो होतो म्हणून मी त्यात नाही. नंतर गाडी एका गल्लीत कशीबशी लावली आणि काकूंना घेऊन मीही धावले.

आम्ही पोचलो तर नवरा-नवरी अजून दारातच, पुढ्यात माप ठेवलेलं, तांदळाचं. मार्सिया आंटीने मापाऐवजी किचनमधला मेझरिंग जग भरून ठेवला होता. वरदाने पायाने तो लवंडला, रूबेन उंबऱ्याच्या आत, सगळे आत, घामाने निथळत, आंटीने रम केकचे तुकडे वाटायला घेतले, आणि सात वाजले. टीव्हीशेजारचा बॉक्स तसाच शांत. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि तो बॉक्स वाजला.

त्यात फोन असतो, मायरा, मलापण माहीत नव्हतं. कधीकधी करतात, चेक करायला. खोलीत एवढी माणसं, सिग्नल गडबडला की काय कोण जाणे. आंटीने रिसीव्हर उचलला, स्पीकर लागला, आणि एका बाईचा आवाज, एकदम सपाट, रूबेनचं पूर्ण नाव घेतलं. नाव, मधलं नाव, आडनाव.

"हजर."

रूबेन नाही. रूबेनने अजून तोंडही उघडलं नव्हतं. सोफ्यावरून उठून कांताबाई ताठ उभ्या राहिल्या होत्या. हात दोन्ही बाजूंना सरळ, मांडीवरची केकची बशी खाली पडलेली. त्यांना एरवी उठताना हात द्यावा लागतो, आणि त्या एका झटक्यात उठल्या होत्या.

आधी आम्ही हसलो. मी पण. मग कांताबाई बसल्याच नाहीत. भिंतीकडे बघत तशाच उभ्या, पुढचं नाव पुकारायची वाट बघत असल्यासारख्या.

रूबेन फोनवर बोलला, हो, मी घरी आहे, थँक यू. ती बाई म्हणाली, हॅव अ नाइस इव्हनिंग. परवानगीची ईमेल, ती साडेनऊवाली, पुढच्या सोमवारी आली, सोबत लग्नाच्या शुभेच्छा.

पण तेव्हा काका उठले. कांताबाईंजवळ गेले, त्यांचा हात धरला आणि काहीतरी म्हणाले. त्या भाषेत. वरदाने अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा बाबांच्या तोंडून ती भाषा ऐकली. एकच शब्द असेल, फार तर दोन. कांताबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग रूबेनकडे, आणि हळूच सोफ्यावर बसल्या.

वरदाने नंतर विचारलं, बाबा, काय म्हणालात तिला?

काका म्हणाले, "काही नाही गं. बस म्हणालो."